वाटीला वाटी

"बाबा, दोन घास. माझ्यासाठी."

म्हाताऱ्याने उकडलेल्या कोबीकडे असं पाहिलं, जणू पोराने ताटात भिंतीचे पोपडे वाढलेत. "गुरांनी काय पाप केलंय? त्यांच्या तोंडचं काढून मला देतोस ते?"

पाववाला पोरगा खुर्ची ओढून बसला. कपाळाला अजून मैदा लागलेला. खाली बेकरीत भट्टी पेटलेली, लोण्याचे डबे उघडे, आणि इथे त्याचा जीव टांगणीला. दोघांनी बरोबरच रक्त तपासायला दिलं होतं. निकाल विचारायला बाबा गेले आणि परत आल्यावर दारातूनच म्हणाले, "माझं कोलेस्टेरॉल फार चढलंय. भाज्या खा म्हणतोय डॉक्टर. तुझं काही नाही, तू पाव भाज."

आई हृदयविकारानेच गेली होती. चहाचा कप हातातून पडला आणि उचलायला ती उरलीच नाही. आता हे एकच माणूस राहिलं होतं.

"तुमच्या पाया पडतो, बाबा."

"मग वाटीला वाटी. तू खाशील तेवढंच मी खाईन. आणि खाली जाऊन लोणी चाटलंस, तर मीही चाटणार."

पाववाल्याला भाजीचा लहानपणापासून तिटकारा. तरी डोळे मिटून, देवाचं नाव घेऊन त्याने कोबी गिळला. मग गाजर आलं, घेवडा आला, भोपळा आला. क्रीमच्या भांड्याकडे बोट वळलं की बाबांचा चेहरा समोर उभा राही. बाबा कधी ताट सरकवून बसत. मग हा रडकुंडीला येऊन आपली वाटी आधी चाटूनपुसून दाखवी. पहाटे पीठ मळताना पुटपुटे, "देवा, माझं आयुष्य घे, पण त्यांना राख."

काही महिन्यांनी दोघांनी पुन्हा रक्त दिलं.

"तू दुकान सांभाळ," बाबा म्हणाले, "निकाल मी आणतो."

"या खेपेला नाही. मी येणार."

दवाखान्याचा जिना चढताना पाववाल्याच्या छातीत धडधडत होतं. काळजीने, दुसरं काय. बाबा केव्हाच वर पोचले होते.

डॉक्टरांनी दोन्ही निकाल पाहिले. पाववाला खुर्चीच्या टोकाला सरकला.

"जे असेल ते सांगा, डॉक्टर. वाचतील ना हे?"

डॉक्टरांनी गोंधळून बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"यांना काय झालंय? हे तेव्हाही ठणठणीतच होते," डॉक्टर म्हणाले. "चढलं होतं ते तुमचं. आता उतरलंय."