खालचा पाइप

तेलाचा थेंब शुभांगीच्या गालावर पडला. नवऱ्याच्या जुन्या शर्टाच्या बाहीने तिने तो पुसला आणि गाडीखाली आणखी हातभर आत सरकली.

"निघ आता बाहेर," ओट्यावरून तिचे सासरे बहिरूनाना म्हणाले. "चारला भिका भंगारवाला येतोय क्रेन घेऊन. जाऊ दे एकदाची लोखंडाच्या भावात. लय डोकं खाल्लं तिनं."

"चारला अजून अडीच तास हायेत, नाना."

सासऱ्याला असं उत्तर द्यायची मखमलाबादच्या त्या आळीत फार जणींची टाप नव्हती. पण शुभांगीचा नाइलाज होता. सोमवारपासून लसीकरणाच्या नर्सबाईंना पेठच्या वरच्या पाड्यांवर न्यायचं काम तिला मिळालं होतं, स्वतःच्या नावावर, आयुष्यात पहिल्यांदा. अट एकच, गाडी फोर-बाय-फोर हवी. ती दारात उभी होतीच. वीस वर्षांची, ऑटोमॅटिक गिअरची आणि गळकी. नानांनी सकाळी शब्द दिला होता की चारपर्यंत गळती थांबली तर गाडी तुझी, नाहीतर भिकाची. नवरा किशोर कांदा घेऊन लासलगावला गेला होता. तो घरी असता तरी बापापुढे त्याने तोंड उघडलं नसतंच.

गिअरचं लाल तेल थंड व्हायला पुढच्या जाळीपर्यंत जातं आणि परत येतं. जायला वरचा रबरी पाइप, यायला खालचा. दोन्ही नानांनी स्वतः बसवलेले. वरचा पाइप तिने चाचपला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"नाना, हा फवारणीचा पाइप लावला तुम्ही?"

"मग? ब्लोअरचा हाय. पस्तीस किलोचं प्रेशर झेलतो. बागेत आजवर एक फुटला नाय माझा."

द्राक्षवाल्यांचं हे असंच असतं. घरातली कुठलीही नळी फाटो, इलाज फवारणीच्या पाइपात. कूलरला तोच, वॉशिंग मशीनला तोच, गोठ्यातल्या नळाला तर चार ठिकाणी तोच.

शुभांगीने पाइप कापला, बाहेर आली आणि तुकडा नानांच्या हातात ठेवला. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. आतलं अस्तर फुगून लिबलिबीत झालं होतं. ते अंगठ्याला चिकटून आलं.

"बागेत यातून गार पाणी जातं," ती म्हणाली. "इथं कढत तेल. तुम्ही बघता सकाळी, गाडी गार असताना. तेव्हा थेंब नसतो. घाटात तापली की सुरू."

नानांना राग आला होता, पण तो काढावा कोणावर हे त्यांना कळेना.

पाइपाचंच दुखणं असणार म्हणून तिने सकाळीच द्वारका चौकातल्या दुकानातून तेलाचा खरा पाइप आणून ठेवला होता. तो मोजून कापला, वरच्या जागी बसवला, क्लिपा आवळल्या. मग खालच्या, तशाच फवारणीच्या पाइपाला हात घातला तसे नाना ओरडले, "त्याला हात लावू नको! परवाच घातलाय, नवा कोरा. तेवढा तरी राहू दे माझा."

ते 'माझा' ऐकून तिचा हात थांबला. थांबायला नको होता, हे तिला तेव्हाही कळत होतं. पण म्हाताऱ्या माणसाचं सगळंच एका दुपारी खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं. खालचा पाइप तसाच ठेवून तिने तेल भरलं आणि गाडी सुरू केली. थेंब नाही.

"बघ," नाना म्हणाले.

"अशी नाय कळायची. बसा शेजारी."

रामशेज किल्ल्याच्या पायथ्याच्या कच्च्या चढावर तिने गाडी तीनदा वर-खाली दामटली. नाना दारावरची मूठ धरून बसले होते. स्वतःच्याच गाडीत ते पहिल्यांदा त्या बाजूला बसले होते. घरी परतल्यावर तिने गाडीखाली पेपर पसरला आणि दोघं उकिडवे बसून बघत राहिले.

पावणेचारला पेपरवर लाल ठिपका पडला. मग दुसरा. खालच्या पाइपातून.

शुभांगीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने उरलेला पाइप आणि सुरी उचलली.

"बोल की," नाना म्हणाले. "माझा पाइप गळतोय, म्हण."

"गळतोय."

"नीट म्हण."

"गळतोय, नाना! तेव्हाच काढायला पाहिजे होता!"

"मग का नाय काढला? माझी भीड? सोमवारी मागं नर्सबाई बसल्या, घाटात गाडी तापली, तरी भीडच धरशील?" नानांनी तिच्या हातातली सुरी ओढून घेतली.

"थांबा, तापलंय सगळं, भाजेल!"

"भाजू दे."

टोपी ओट्यावर फेकून सत्तरीचा माणूस कण्हत-कुंथत गाडीखाली गेला. फडकं दे, क्लिप दे, उजेड धर! शुभांगी देत गेली आणि सांगत गेली.

"बोटभर आत ढकला. क्लिपा दोन लावा."

"दोन कशाला?"

"सांगते तेवढं करा."

नानांनी दोन लावल्या.

भिकाची क्रेन दारात येऊन उभी राहिली. गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय त्याने ओळखले.

"नाना, साखळी लावू का? द्यायची ना गाडी?"

"मला काय विचारतो?" खालून आवाज आला. "मालकिणीला विचार. मी हेल्पर हाय."