मागून आणलेला झगा

लागोपाठ दोन लेकरं गेल्यावर माझी ही धाकटी झाली, म्हणून सासूबाईंनी तिचं नाव कडूबाई ठेवलं आणि पाच घरचे जुने कपडे मागून आणले. हैदराबादला कॉलेजात शिकलेली मी कुरकुरले, तर म्हणाल्या, "तुझ्या बुकात लेकरं जगवायचं लिव्हलंय व्हय?" मग थोरल्या इंदूला दर नागपंचमीला नवा झगा शिवायचा आणि कडूसाठी बेंबळी गावात हिंडून जुना मागायचा, हे मीच करू लागले.

यंदा कडू पाच वर्षांची झाली. पंचमीला इंदूचा नवा झगा बघून ती कणगीमागं जाऊन बसली, जेवायलाही उठेना. "मी कुनाला नको हाय, म्हणून मला फाटकं," म्हणाली.

इंदू शेजारीच पाट्यावर मेंदी वाटत होती. कडूला मांडीवर घेऊन मी सगळं सांगितलं. "तुला काही झालं तर मी जगायची नाही गं. नवं घातलं तर नजर लागेल, म्हणून तुला मागून आणलेलं."

कडू डोळे पुसून हसली आणि तोच फाटका झगा मिरवत झोक्याकडं पळाली. पोरीच्या मनातलं मळभ गेलं, म्हणून मी निवांत पुरणाची दिंडं करायला बसले.

थोड्या वेळानं बघते तर इंदू शेजारच्या बिबीजान मावशींच्या दारात उभी, नवा झगा घडी करून काखेत धरलेला.



"मावशी, तुमच्या नूरुन्निसाचा एखादा जुना झगा द्या की," ती म्हणत होती, "माझ्यासाठी आईनं कधी मागितलाच न्हाय."