काचेवरची धूळ

दुकानदाराने दोन स्कॅनर चार दिवसांसाठी दिले होते. "घरी वापरून बघा, मगच ठरवा," म्हणाला. दादा-वहिनींना वेळ कुठला! घरातली सगळी किचकट कामं धाकटीच्याच गळ्यात पडायची, तसं हेही पडलं.

तिने एक जुना फोटो निवडला. आई खुर्चीत, शेजारी दादा-वहिनी, मागे आईच्या खांद्यावर हात ठेवून धाकटी.

पहिल्या स्कॅनरमध्ये धुळीचे डाग आपोआप पुसायची सोय होती. त्याने डाग पुसले आणि धाकटीलाही पुसलं. संगणकाच्या पडद्यावर खुर्चीमागे नुसती भिंत उरली. हातातल्या फोटोत मात्र ती होती.

"स्वस्तातलं यंत्र, दुसरं काय!" पुटपुटत तिने तोच फोटो दुसऱ्यावर ठेवला. तिथेही भिंतच. मग तिने अख्खा अल्बम लावला. अकरा वर्षं आईचं हगणं-मुतणं काढलेली मुलगी पडद्यावर एकाही फोटोत नव्हती.

तिने दादाला बोलावून सगळे फोटो दाखवले.

"झकास! सगळे आलेत की. हाच घेऊन टाकू."

"सगळे?"

"का? कोण राहिलंय?"

त्याला मूळ फोटो दाखवावा म्हणून तिने स्कॅनरचं झाकण उचललं. आता आतल्या फोटोतही तिच्या जागी भिंतच होती. काचेवर चिमूटभर राखाडी धूळ पडली होती. धाकटीला पायांखालची फरशी जाणवेनाशी झाली.

"शी, केवढी ही धूळ!" म्हणत वहिनी पुढे आल्या, काचेवर वाकल्या आणि फुंकर मारायला त्यांनी गाल फुगवले.