कुणाच्या हातचे जंतू?

या, जवळ सरका, एका घरातल्या संशयाची गोष्ट सांगतो. विश्वंभरपंतांचं डायलिसिस घरीच, पोटातल्या नळीतून चाले. पिशवी सून हेमांगी बदलायची. त्या सकाळी नळीवरचं यंत्र बोललं, "जंतू शिरलेत. त्यांनी नळीत चिकट कवच धरण्याआधी औषध द्या. कुणाच्या हातचे, ते शोधतोय."

"शोध बाबा!" पंतांच्या पत्नी इंदूताई सुनेकडे रोखून पाहत म्हणाल्या. "हात धुते म्हणे! मोबाईल सुटतो का हातातून?"

हेमांगी पिशवीत औषध भरत होती.

"इंदूताईंच्या हातचे. त्यांच्या त्वचेवरच्या जंतूंशी जुळतात," यंत्र म्हणालं.

इंदूताईंनी कनवटीची पुडी पदराआड लपवली. नवरा जगावा म्हणून कीर्तनातला बुक्का त्या रोज गुपचूप नळीच्या तोंडाला लावत.

"आई, देव कपाळावरूनही पोचतो हो," हेमांगी म्हणाली.

पंत वाचले. देवाचं नाव घ्याल तेव्हा या सुनेलाही आठवा.