नाळेजवळची फट

माडाखाली ओंडक्यांवर टेकवलेल्या नव्या होडीत गोदाने पंपाची नळी सोडली आणि पाणी चढू लागलं. होडी खाडीत ढकलण्याआधी ती अशी आतून भरून बघायची, ही तिच्या नवऱ्याच्या, आप्पा मिस्त्रींच्या घरची रीत. आतलं पाणी बाहेर आलं नाही, तर बाहेरचं आत यायचं नाही. बाकी मिस्त्रीने कितीही गप्पा माराव्यात.

आप्पा हात पाठीमागे बांधून उभे होते. होडी न्यायला गुहागरहून आलेला दर्शन मात्र वाकून वाकून तिच्याभोवती फिरत होता. दोन फळ्यांमधल्या फटीवरून त्याने नख ओढून पाहिलं. नख कुठेच अडकलं नाही.

“काय हात हाय वो तुमचा, मिस्त्री! ह्या वयात कापूस असा ठासायचा म्हंजे खायचं काम नाय. आमच्याकडं सगळे फायबरच्या मागं लागलेत. पण माझा मेव्हणा लाकडीच करायची म्हणतोय. ही पाण्यात उतरली की त्याला तुमच्याकडंच धाडतो बगा.”

“हात बसलाय आता,” आप्पा म्हणाले.

बसलेला हात पाठीमागे थरथरत होता. डाव्या हाताने उजव्याचं मनगट आवळून धरलं की बघणाऱ्याला ते कळत नसे. करवत, रंधा ही दोन्ही हातांची कामं अजून कशीबशी निभत होती. पण उंडीच्या तेलात भिजवलेला कापूस फटीत ठासायचा, तर छिन्नी जागेवर ठरायला हवी. ती ठरत नव्हती. म्हणून या होडीच्या फटी गोदा भरत होती, झापांचा आडोसा करून, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू नये म्हणून. बायकोने भरलेली होडी म्हटल्यावर कोण तिच्यात पाय ठेवणार? आणि मिस्त्रीचा हात गेला हे एकदा गावभर झालं, की मिस्त्रीला तरी कोण विचारणार?

गोदाने हाताचं कौतुक ऐकलं. तिने नळी थोडी पुढे सरकवली.

“मिस्त्री, हे काय?”

दर्शन नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाशी थांबला होता. फटीतून एक थेंब बाहेर आला आणि ओघळला. त्याच्यामागून दुसरा आला. मग बारीक धारच लागली.

“ह्याच टोकाला माझा बापूस बसनार हाय,” दर्शन म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

मेव्हण्याचं काम गेलं, ही होडीही गेली, आणि उद्या गुहागरच्या बंदरावर आपलं नाव निघालं की लोक हसणार, एवढं सगळं आप्पांना एका दमात दिसलं.

“ती जागा हिनं भरली हाय,” ते बोलून गेले. “मी जेवायला गेलो व्हतो, तेवढ्यात.”

“असं व्हय!” दर्शनचा जीव भांड्यात पडला. “मंग बरोबर. तरीच म्हटलं, तुमच्या हातून असं कसं व्हईल? बाईमानसाकडं कशाला द्यायचं हे?”

साऱ्या होडीत तेवढी एकच जागा गोदाने भरलेली नव्हती. नाळेची फट मिस्त्रीने स्वतःच भरायची, ती दुसऱ्याने भरली तर होडी आपली कसली, असा आप्पांचा हट्ट. “मी वरून एकदा हात मारू काय?” असं गोदाने विचारलं होतं, तर ते तिच्या अंगावर ओरडले होते.

आप्पांनी चोरट्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. आता ती बोलणार. बोलली तर तिचं काय चुकलं? बोलून टाकावंच तिने, म्हणजे एकदाचे सुटलो, असंही त्यांना वाटून गेलं.

गोदाने पंप बंद केला.

“व्हय, माझंच चुकलं,” ती दर्शनला म्हणाली. “घाईत कापूस कमी पडला असंल. बादली घ्या नि थोडं पाणी उपसा. आत्ता करून देते.”

दर्शनने पाणी उपसलं. तिने पदर खोचला, तेलातला कापूस आणला, छिन्नी आणि हातोडी घेऊन नाळेशी गुडघे टेकले. फटीतला जुना कापूस तिने बोटभर ओढून काढला. मग ती थांबली आणि दर्शनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अवो, सांगा ना. कसा ठासू? उभा की आडवा?”

नाळ सोडून सगळी होडी जिने भरली, ती बाई पहिल्या दिवसाच्या शिकाऊ गड्यासारखं विचारत होती. लाजेने आप्पांचे कान तापले.

“तुला येतो तसा ठास गो,” ते कसंबसं म्हणाले.

“तसं नको. तुमीच सांगा. होडी तुमची हाय.”

“उभा,” आप्पा म्हणाले.

ते बोलायच्या आधीच तिची छिन्नी उभी लागली होती. हातोडीचे ठोके एकसारखे पडत गेले. तिने फटीवरून अंगठा फिरवला, वर राळ चोपडली आणि पुन्हा पंप सुरू केला. पाणी नाळेच्या फटीपर्यंत चढलं, तिच्याही वर गेलं. फट कोरडीच राहिली.

“बगितलंत, काकी?” दर्शन खुशीत हसला. “मिस्त्रींनी नुसतं तोंडानं सांगितलं, तर गळती बंद! ह्याला म्हनतात हात.”

त्याने पिशवीतून नारळ काढला आणि आप्पांपुढे धरला. तो घ्यायला दोन्ही हात पुढे करावे लागणार होते. आप्पांनी पाठीमागचं मनगट सोडलं नाही.