कडब्याचे पुतळे

जर्मनच्या लढाईसाठी बीडच्या मैदानावर निजामाच्या स्वारांची निवड चालली होती. भाल्याच्या सरावाचे पुतळे पुरवायचा गुत्ता, म्हणजे ठेका, बंकटचा. तरटात कडबा भरला होता त्याच्या बायकोनं, साखराबाईनं. ज्याचं घोडं पुतळ्यापाशी अडेल, तो स्वार घरी जाणार होता. पहिलाच स्वार त्यांचा लेक शहादेव, लढाईवर जायला उतावीळ. घोडी घरचीच, साखराबाईच्या हातचा गूळपाणी शिंपडलेला कडबा खाऊन वाढलेली. शहादेवनं टाच मारली, साखराबाईनं पदर दातांत धरला. घोडी सुसाट आली, थबकली आणि पुतळ्याच्या गळ्यातला कडबा खाऊ लागली. “काय भरलंय बे यात?” निवड करणारा जमादार बंकटवर ओरडला. बंकटला काहीच ठाऊक नव्हतं. शहादेवनं उतरून काडी चावली. गोड लागली. त्यानं आईकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, “कडबाच हाय, साहेब. माझी घोडीच हावरट हाय.”