दहावा तुकडा

"काका, पाठ फिरवा," वेल्डन ओरडूनच म्हणाला. "मी टाकतो, तुम्ही ओळखा. शिसं का जस्त. दहा तुकडे. एक जरी चुकला, तर शनिवारपासून शिकारी क्लबचं शिसं मी पारखणार."

म्हाताऱ्या ऑरविलने कमरेवर हात ठेवले. "माझी परीक्षा? तू घेणार? गोळी ओतायला तुला शिकवलं कुणी रे, गधड्या?"

"तुम्हीच. म्हणून तर इथे विचारतोय. नाहीतर सगळ्यांसमोर मीटिंगमध्येच काढलं असतं."

डेनीच्या टायरच्या दुकानात मधोमध बादली ठेवलेली होती. चाकाचा तोल साधायला रिमला लावतात ती वजनं, जुन्या चाकांवरून काढलेली, काठोकाठ. आमच्या या डोंगरात हरणाच्या शिकारीसाठी निम्मे लोक गोळ्या घरीच ओततात, त्यांना हे भंगार लागतं. पण हल्ली त्यात जस्ताचीही वजनं निघतात, आणि ग्रीस-धुळीने सगळी मेली सारखीच काळी. जस्त शिशात मिसळलं की भांडंभर रसाची गुठळ्यांची लापशी होते. बाकीचे लोक, मऊ शिशात पक्कड रुतते म्हणून, एकेक तुकडा पकडीने चिमटत बसतात. ऑरविल नुसता फरशीवर टाकतो. शिसं थप्प पडतं, जस्त टण्ण वाजतं. बादलीत शिसं किती, हे तो सांगेल ते डेनीला मान्य आणि क्लबलाही मान्य. चाळीस वर्षं लोकांनी त्याला मान दिला तो या एका गोष्टीसाठी. दुसरं त्याला फारसं काही जमलंही नाही हो, खरं सांगायचं तर.

आणि तोच कान तीन हिवाळ्यांपूर्वी गेला. मोठ्याने बोललेलं कळायचं, पण तो बारीक टण्ण गेला तो गेलाच. तेव्हापासून त्याची बायको वीटा, घरात एकटीला कंटाळा येतो म्हणून, त्याच्याबरोबर दुकानात यायला लागली. कॉफीच्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून विणत बसायची. टण्ण वाजलं की तिच्या सुया थांबायच्या आणि ऑरविलचा हात जस्ताच्या डब्याकडे वळायचा. यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही. वीटाची समजूत अशी, की म्हाताऱ्याला वाटतंय अजून आपलाच कान चालतोय. वाटू दे बिचाऱ्याला.

"परवा यांना विचारलं, काकू कशा आहेत," वेल्डन डेनीला सांगत होता. "यांना वाटलं, बंदुकीचं विचारतोय. म्हणाले, गंजलीय, तेल घालून ठेवलीय."

"मग खरंच सांगितलं की," वीटा म्हणाली. "ऑरविल, फिर बाबा एकदाचा. माझी कॉफी गार होतेय."

वेल्डनने म्हाताऱ्याचे खांदे धरून त्याला फिरवलं, ते नेमकं वीटासमोर. त्याला तरी काय ठाऊक!

पहिला तुकडा पडला. सुया चालूच होत्या. "शिसं," ऑरविल म्हणाला. वेल्डनने पकडीने दाबून पाहिलं, पक्कड खोल रुतली. दुसऱ्याला सुया थांबल्या. "जस्त." पक्कड घसरली. तिसरा बरोबर, चौथा बरोबर. सातव्याला वेल्डनचे कान लाल झाले. नवव्याला तो पुटपुटला, "कमाल आहे बुवा." डेनी टायर पुसायचं सोडून उभा राहिला होता. त्याला सगळं माहीत होतं, पण तीन वर्षांत त्याने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

दहावा तुकडा पडला. थप्प. आणि वीटाच्या सुया थांबल्या.

डेनीने डोळेच मिटून घेतले. वीटा विणकाम डोळ्यांशी धरून काहीतरी शोधत होती. मग तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो. तिने वर पाहिलं. तोंडाचा रंगच उडाला होता तिच्या. सुया पुन्हा हलवायच्या म्हटल्या तरी सुजलेली बोटं ऐकेनात.

"शिसं आहे ते," ऑरविल म्हणाला. "अगं, तुझा टाका सुटलाय. दोन ओळी खाली बघ, डावीकडे."

वेल्डनने दहावा तुकडा दाबला. पक्कड रुतली. त्याने सुयांकडे पाहिलं, वीटाकडे पाहिलं, मग ऑरविलच्या पाठीकडे.

"म्हणजे हा कान काकूंचा आहे?"

ऑरविल वळला. आपण काय बोलून गेलो ते आता त्याला कळलं. त्याने खुंटीवरची टोपी काढली आणि हातात नुसतीच फिरवत राहिला. "सांग मीटिंगमध्ये," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली."

"पण मग आत्ता कसं ओळखलंत? सुया तर थांबल्या होत्या."

"जस्त असलं की ती विणकामाकडे बघत नाही. माझ्याकडे बघते."

वेल्डनने घसा खाकरला. पक्कड खिशात घातली आणि बादली पायाने ढकलत वीटाच्या खुर्चीपाशी नेली. "काकू, शनिवारी दहा वाजता क्लबवर या. विणकाम विसरू नका. आणि यांनाही आणा बरोबर, बादली उचलायला कुणीतरी लागेलच."

"आणते," वीटा म्हणाली. "पण तो कॉफी फार पितो."

डेनी एवढ्या जोरात हसला की ते ऑरविललाही ऐकू आलं. त्याने टोपी पुन्हा खुंटीला अडकवली, गुडघे धरत बादलीशेजारी बसला आणि पहिलं वजन उचललं.

"तुला कधीपासून माहीत होतं?" वीटाने हळूच विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. तिने त्याच्या निळ्या स्वेटरची बाही धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि पुन्हा विचारलं.

ऑरविलने बाही सोडवून घेतली नाही.

"हा स्वेटर विणत होतीस ना," तो म्हणाला, "तेव्हापासून."

त्या निळ्या बाहीला कोपरापाशी दोनदा रफू झालेलं होतं.